एकेचाळिसावी ओळ

३ फेब्रुवारी
आज रुजू झालो. जागा मनाजोगती आहे: वर माझी खोली, खाली कचेरी, आणि कचेरीची खिडकी थेट गोठ्यात उघडते. गोठ्यात चाळीस गाभण कालवडी. प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला, एक ते चाळीस. ब्रुसेलोसिसने गाई गाभडतात आणि माणसाला महिनोन्‌महिने ताप येतो. त्यावरच्या नव्या लशीची येथे चाचणी आहे. निम्म्यांना लस टोचली आहे, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय, हे चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरबाईंच्या बंद पाकिटालाच ठाऊक. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, गाईचे शेपूट कोठे आणि तोंड कोठे एवढेच मला कळते, असे मी प्रांजळपणे सांगितले. बाई म्हणाल्या, त्यांना नेमका असाच माणूस हवा होता.
अर्जातला ‘जवळचे नातेवाईक’ हा रकाना मी कोरा ठेवला होता. कोणी विचारले नाही, हेही बरेच झाले.

५ फेब्रुवारी
कामाची रीत नामी आहे. सकाळी सात व दुपारी चार वाजता गोठ्याचा मुकादम प्रत्येकीचा ताप पाहून खिडकीतून क्रमांक आणि आकडा मोठ्याने सांगतो. मी मान वर न करता लिहितो. खोडाखोड निषिद्ध. ओळ रद्द करायची तर नोंद खोटी असल्याचे लिहून बाईंनी आणि मी, दोघांनी सही करायची. मुकादमाने मला ‘रजिस्टरकाका’ करून टाकले आहे. त्याच्या मते मी शिंकलो तरी वेळ लिहून ठेवीन. (ठेवतो.)

१० मार्च
आज सर्व कालवडींच्या डोळ्यांत जिवंत जंतूंचे थेंब सोडले. लस खरी की खोटी, ते आता कळेल. मी काचेआड होतो. संध्याकाळी ओळी मोजल्या, एकेचाळीस भरल्या. शेवटची ओळ माझ्याच अक्षरात: ‘४१. डावा डोळा, दोन थेंब.’
मुकादम म्हणाला, काका, चाळिसांची मुंडकी धरूनच माझे हात गळून पडले, वर एक कशाला धरू? बाई परगावी असल्याने रद्द करण्याची सही राहिली.

१२ मार्च
चाळिसावा आकडा सांगून मुकादम नळावर हात धुवायला गेला. तो तेथे मला दिसत होता. खिडकीतून त्याचाच आवाज आला: एकेचाळीस, छत्तीस पूर्णांक आठ.
लिहून झाल्यावर मान वर केली. खिडकीत कोणी नव्हते.
गाईचे अंग माणसापेक्षा गरम असते. निरोगी कालवड अडतीस अंश सेल्सिअसच्या खाली सहसा उतरत नाही.

२१ मार्च
आवाज दोन्ही वेळा येतो. आज ‘चारा’ या रकान्यात: ‘४१. अर्धा टाकला.’ काल रात्रीचे जेवण मी अर्धे टाकले होते. एकट्याने जेवताना तसे होते.
प्रामाणिकपणे लिहितो: भीती वाटली, आणि तिच्या पाठोपाठ थोडे बरेही वाटले. पत्नी गेल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, माझ्या ताटात काय उरले हे कोणी पाहिलेले नाही.

६ एप्रिल
दुपारची नोंद: एकेचाळीस, अडतीस पूर्णांक नऊ. वर जाऊन स्वतःचा ताप मोजला. अडतीस पूर्णांक नऊ. घामाने सदरा भिजला आहे.

१४ मे
सात, एकोणीस, बावीस आणि तेहतीस गाभडल्या. माझा ताप उतरतो, पुन्हा चढतो. कंबर धरली आहे.
बाईंना सर्व सांगून ओळ रद्द करण्याची विनंती केली. त्यांनी शांतपणे विचारले, आकडा खोटा आहे का? नाही, म्हणालो. खोटा असता तर त्यांची सही तयार होती. माझा चेहरा पाहून त्या घाबरल्या असाव्यात. आजच इस्पितळात जा, तुम्हाला हा रोग झाला असेल तर औषधे आहेत, बरे व्हाल, म्हणाल्या. गाडीही देऊ केली, दुपारी चारची.
चारला नोंदी असतात. गेलो असतो तर एक ओळ कोरी राहिली असती. गेलो नाही.

२ जुलै
शेवटच्या टप्प्याचे पत्र आले. क्रमांक असलेले प्रत्येक जनावर मंगळवारी कत्तलखान्यात. प्लीहा व गाठी तपासल्याशिवाय निकाल नाही. रजिस्टर आणि गाडीतली संख्या जुळली पाहिजे. खाली माझी सही लागते.
बाईंनी पुन्हा निरोप धाडला — इस्पितळात जा. उद्या जाईन, असे कळवले.

५ जुलै
गेलो नाही. आवाज आता वेळ पाळत नाही. झोप लागली का, विचारतो. पाणी प्या, म्हणतो.
मी उत्तर देऊ लागलो आहे.

८ जुलै, मंगळवार, सकाळ
सात वाजता गाडी लागली. फळीवरून एकेक चढते आहे. मी खूण करतो आहे.
अडतीस. एकोणचाळीस —
चाळीस.
मुकादम हात धुवायला गेला. फळी काढलेली नाही. ड्रायव्हर बिडी ओढत उभा आहे, कोणाची वाट पाहावी तसा. संख्या जुळत नाही. खोटी नोंद म्हणून लिहावे — पण खोटी नाही —
आवाज आला. एकेचाळीस. घाई नाही त्यात. ताट वाढून हाक मारावी, तशी —
खुर्ची मागे सारली आहे. इतक्या आपुलकीने मला कोणी