उलटे फिरणारे तारे

४ मार्च
उलटं! दिवसभर आकडे तपासले, तरी उलटंच. एकमेकींना खेटून असलेल्या चार दीर्घिकांचा तो घोळका — त्यातल्या थोरलीचे बाहेरचे तारे एका दिशेनं फिरतायत आणि गाभ्यातले बरोबर विरुद्ध. म्हणजे हिनं केव्हातरी एक धाकटी अख्खी गिळलीय. सरांचा गाजलेला लेख तर म्हणतो, हिला कुणाचा धक्काही लागलेला नाही. तो लेख वाचूनच मी त्यांच्या हाताखाली संशोधनाला आले! माझंच काहीतरी चुकलंय.

५ मार्च
उणे चिन्ह कुठं राहिलं असेल म्हणून प्रोग्रॅमची ओळ न् ओळ वाचली. नाही राहिलेलं.

९ मार्च
जुनी मोजमापं शोधायला ग्रंथालयातलं कपाट उघडलं. खालच्या खणात एक वही. अठरा वर्षांपूर्वीची, सरांच्याच एका विद्यार्थिनीची. मधल्या पानावर माझाच आलेख — हातानं काढलेला! खाली सरांचं अक्षर, लाल शाईत: 'चूक. पुन्हा मोज.' तिनं पुढे तीनदा मोजलंय. तिन्ही वेळा तेच. मग वही कोरी.
तिथंच फरशीवर बसून राहिले.

११ मार्च
ग्रंथपालबाईंना ती आठवते. 'हुशार होती गं. अर्ध्यातच सोडून गेली. आता शाळेत गणित शिकवते.' नंबरही दिला.

१२ मार्च
मधल्या सुट्टीत फोन केला. म्हटलं, 'तुमचा आलेख बरोबर होता.' पलीकडे मुलांचा गलका. त्यातूनच — 'कोण म्हणतं?'
'मी मोजलं. नव्या दुर्बिणीच्या नोंदी घेऊन.'
'अगं बाई,' म्हणाल्या. हसल्या. 'मी आपली सगळ्यांना सांगत आले, मला जमलं नाही म्हणून.'
घंटा झाली. 'तास आहे माझा,' म्हणून फोन ठेवला.

१३ मार्च
आई म्हणते, 'आधी पदवी पदरात पाडून घे, मग काय तो शहाणपणा कर.' तिचंही खरंच आहे. सरांची सही नाही मिळाली तर पाच वर्षं पाण्यात.

१६ मार्च
गेले एकदाची! वही आणि माझा आलेख सरांसमोर शेजारी शेजारी ठेवले. लेखाचा मसुदाही — पहिलं नाव त्या वहीवाल्या बाईंचं, मग माझं, मग सरांचं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावले नाहीत. 'ठेवून जा,' एवढंच.  जिना उतरताना त्यांची कीवच आली. तेव्हाची यंत्रं ती काय! त्यांना तरी कसं कळणार होतं?

२० मार्च
मसुदा परत आला. सरांनी स्वतःचं नाव खोडलंय. शेवटी पेन्सिलीनं दोनच वाक्यं — 'तेव्हा मीही मोजलं होतं. तिच्यासारखंच आलं होतं.'