बाबांच्या भुवयांवरचं पीठ

मंगळवार, घाटकोपर

आज इकॉनॉमिक्सच्या तासाला प्रच्छन्न बेकारी शिकवली. म्हणजे माणूस रोज कामाला जातो, पण नाही गेला तरी काही अडत नाही. मॅडमनी शेताचं उदाहरण दिलं. मला मात्र आमचे बाबाच दिसले. कंपनी बंद पडल्यापासून ते काकाच्या पिठाच्या गिरणीत बसतात. गेल्या आठवड्यात तापाने घरी होते, तेव्हाही गिरणी नेहमीसारखीच चालली. असलं सुचतंच कसं मला?

संध्याकाळी बाबा आले, भुवयांवर पीठ तसंच. रोजच्यासारखं विचारलं, "आज काय शिकवलं गं?" मी शेताचंच सांगितलं. "एका शेतात चार भाऊ राबतात, पण काम दोघांपुरतंच असतं." मॅडम 'चार माणसं' म्हणाल्या होत्या. मी 'भाऊ' का म्हटलं? का?

बाबांनी चपला काढून कोपऱ्यात सरकवल्या. मग म्हणाले, "आणि त्या जास्तीच्या भावाला हे माहीत असतं?"

"पुस्तकात नाही दिलंय," मी म्हटलं.

ते तोंड धुवायला मोरीत गेले. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आले, तेव्हा भुवयांवर पीठ होतंच.