थोरला सटवाजी

गंगाखेड,
ता. १२ ऑक्टोबर २०२४

चि. योगीराज यास पार्वतीआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू जर्मनीहून पाठवलेली वंशावळ माझ्या भागवतने मोठ्या अक्षरात छापून आणली. चष्मा पुसून पुसून वाचली. सात पिढ्या जमवल्यास, शाबास. तुझा बाप असता तर त्याने तोंडात बोट घातलं असतं. त्याला जवळचे पाहुणेसुद्धा ओळखू यायचे नाहीत.

पण बाबा, एक घोळ केलास. मला भाऊ दोन, आणि दोघांचंही नाव सटवाजी. थोरला माझ्या पाठचा, तीन वर्षांनी लहान. तो पाचाचा असताना मी आजोळी पोखर्णीला गेले होते. पंधरा दिवसांनी ताडकळसला आपल्या घरी आले तर तो घरात नाही. आईने सांगितलं, उदगीरकडं एका घरी लेकरू न्हाई, त्यांना दत्तक दिलाय, आता त्याचा विषय काढायचा न्हाई. दोन-अडीच वर्षांनी तुझा बाप झाला, त्यालाही तेच नाव ठेवलं. तू माझ्या थोरल्याला तुझ्या बापात कालवून टाकलंस.

मला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय, डॉक्टर हृदयाचं काहीबाही सांगतात. थोरल्याला एकदा डोळ्यांनी बघायचंय. तेवढा शोध लाव. फोनवर मला ऐकू येत नाही, पत्रच लिही.

तिकडे वेळेवर जेवत जा आणि आम्हाला विसरू नको.

तुझी,
पार्वतीआत्या


नुरेंबर्ग,
ता. ३ नोव्हेंबर २०२४

ती. पार्वतीआत्यास योगीराजचा सा. न. वि. वि.

चूक कबूल. कॉम्प्युटरने विचारलं होतं, या दोन नोंदी एकाच माणसाच्या का? मी बिनदिक्कत हो म्हटलं. शेजारच्या लिडिया आजींना हे सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. त्यांचे पूर्वज रशियात व्होल्गाकाठी जाऊन वसलेले जर्मन. दर घरात एक योहान, शेजारी दुसरा योहान. आजींनी एका योहानच्या नावावर दोन लग्नं आणि सोळा पोरं चढवली होती, निघाले काका-पुतणे. नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं समजू नको, असा त्यांनी मला दम भरला आहे.

तरी सांगतोच. उदगीरला एक सटवाजी गुरुजी सापडलेत. जन्म १९५० चा. त्यांची सून राजेश्री फोनवर म्हणाली की लहानपणी त्यांना परभणीकडून दत्तक आणलंय. भागवतदादाला पाठव. पण आत्या, इतक्यात पेढे वाटू नको.

तब्येत सांभाळ, रागावली असशील तर राग सोड.

तुझा,
योगीराज


गंगाखेड,
ता. २५ नोव्हेंबर २०२४

चि. योगीराज यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पेढे वाटले. रागावू नको, राहवलं नाही. शेजारच्या नर्मदाबाईला सांगितलं, म्हणजे सगळ्या गल्लीला सांगितल्यासारखंच झालं.

भागवत सोमवारी निघतोय. त्याच्याबरोबर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी देतेय. थोरल्याच्या डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग असेल. चुलीजवळ मीच त्याला ढकललं होतं आणि आईला सांगितलं की तो आपोआप पडला. त्याने माझं नाव सांगितलं नाही. मार मात्र त्यालाच बसला. त्याच्यासमोर बसून हे एकदा कबूल करायचंय रे. सत्तर वर्षं झाली.

तुझ्या लिडियाबाईंना नमस्कार सांग. त्यांचे योहान त्यांना लखलाभ, माझा सटवाजी मला मिळाला.

लेकरा, तुझ्यावर जीव आहे तो असाच राहील.

तुझी,
पार्वतीआत्या


नुरेंबर्ग,
ता. १९ जानेवारी २०२५

ती. पार्वतीआत्यास योगीराजचा सा. न. वि. वि.

उदगीरचे गुरुजी आपले नव्हेत, हे तुला भागवतदादाच्या तोंडावरूनच कळलं असेल. ते जिंतूरकडचे, त्यांची सख्खी बहीण अजून तिथे आहे. कोपरावर डागही नाही. चूक माझी. वर्ष आणि नाव जुळलं, तेवढ्यावर तुला आशेला लावलं.

आता लिहितोय ते बसून वाच. ताडकळसच्या जुन्या मृत्यू-नोंदींची नक्कल मी मागवली होती. त्यात मार्च १९५५ मध्ये एक नाव आहे : सटवाजी गोपाळ, वय पाच, देवीचा आजार. पण तेव्हा आपल्या भावकीत गोपाळ दोन होते, माझे आजोबा, म्हणजे तुझे वडील, आणि त्यांचे चुलतभाऊ. पोरगा कुठल्या गोपाळांचा, ते लिहिलेलं नाही. हे सांगू शकेल असं तुझ्याशिवाय आता कोणी उरलं नाही.

लिडिया आजी म्हणतात, त्यांच्याकडे सख्ख्या भावंडांत एकच नाव दोनदा आलं की धाकटं जन्मण्याआधी थोरलं गेलेलं असतं. मी त्यांच्याशी भांडलो. आमच्याकडे दत्तक देतात, म्हणालो. आत्या, तो दुसऱ्या गोपाळांचा असू दे, एवढंच मनात आहे.

उत्तराची घाई नाही. माया कमी करू नको.

तुझा,
योगीराज


गंगाखेड,
ता. १६ फेब्रुवारी २०२५

चि. योगीराज यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आठ दिवस पत्र उशाखाली होतं, लिहवत नव्हतं.

दुसऱ्या गोपाळकाकांना चारही मुलीच. त्यांना मुलगा झालाच नाही. म्हणजे ती नोंद आपल्याच घरातली. थोरल्यापुढे मार्च १९५५ लिही आणि दोघांना वेगवेगळं दाखव. मला कबूल करायचं होतं ते राहूनच गेलं. आईचा राग येत नाही. तिने मला मुद्दामच आजोळी धाडलं असेल, आणि मी परत आल्यावर तिला दुसरं काही सुचलं नसेल. नर्मदाबाई रोज विचारते, भाऊ कधी येतोय. तिला काय सांगू?

लिडियाबाईंशी भांडू नकोस, त्या बरोबर आहेत. आपल्यातही जित्या लेकराचं नाव दुसऱ्याला ठेवत नाहीत. आणि हे मला आज कळलं असं नाही. तुझ्या बापाच्या बारशाला आमची आत्या आली नव्हती. आईने मला पुढे केलं आणि बाळाच्या कानात कोणतं नाव सांगायचं ते सांगितलं. मी दहा-अकरा वर्षांची होते, सगळं कळत होतं. आईकडे पाहिलं, ती पदर तोंडाला लावून रडत होती. तरी मी वाकले आणि ते नाव सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून उदगीरची वाट बघायला लागले.

सुखात राहा, बाळा.

तुझी,
पार्वतीआत्या