पायाच्या अंगठ्याला लावलेलं कुंकू

सर, परवा प्रेसमध्ये एक गोष्ट घडली आणि ती सांगायला तुम्हीच हवे होतात. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. अहमदपूरच्या स्टँडमागचा तुमचा कॉम्प्युटर क्लास मोडला, तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं. मी लातूरला एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवते. अजूनही पायानंच.

तुमच्याकडे आले तेव्हा दहावी होऊन मी घरीच बसले होते. जन्मापासून दोन्ही हात आखडलेले, मनगटं आत वळलेली. परीक्षेला लेखनिक मिळाला, पण पुढे जन्मभर हिला कोण लिहून देणार, असं येणारा-जाणारा म्हणायचा. घरात मी शेंगा सोलण्यापासून रेडिओ लावण्यापर्यंत सगळं पायानं करायचे. चारचौघांत मात्र आई पाय परकराखाली झाकायला लावायची. तुम्ही आधी माउस जमिनीवर ठेवून पाहिलात. पाय खाली, नजर वर टेबलावर, आणि तो बाण स्क्रीनभर उंडारतोय. मी रडकुंडीला आले की तुम्ही चहा मागवायचात. मग एके दिवशी नांदेडहून टॅबलेट घेऊन आलात, सतरंजीवर पुस्तकांच्या गठ्ठ्याला तिरपा टेकवलात आणि म्हणालात, "लाव अंगठा." जिथं बघायचं तिथंच टेकवायचं, मध्ये माउस नाही, बाण नाही. मला ते इतकं सोपं वाटलं की हसूच आलं.

दारातून आईचा आवाज आला. "सर, इद्या हाय ती. इद्येला पाय लावायचा न्हाई."

तुमच्या क्लासला चपला बाहेर काढाव्या लागत. वहीला चुकून कुणाचा पाय लागला तर तुम्हीच त्याला नमस्कार करायला लावायचात. आईला वाटलं, हे सर तरी आपल्या बाजूचे असतील. त्यात पहिल्या दिवशी स्क्रीन माझं काही ऐकेचना. अंगठा दाबून दाबून दुखला, पण अक्षर उमटलं नाही. लहानपणापासून जमिनीवर घासून माझ्या अंगठ्याची कातडी टाचेसारखी राठ झालेली. आई म्हणाली, बघा, देवाच्याच मनात न्हाई. तुम्ही वाद घातला नाहीत. आठ दिवस बघू म्हणालात. आईनं अट घातली, की बसायच्या आधी ती माझा पाय धुणार. दुसऱ्या दिवसापासून ती घरी गरम पाण्यात माझा पाय भिजवायची, वजरीनं घासायची आणि क्लासमध्ये पुन्हा तांब्याभर पाणी ओतायची. आणि स्क्रीन चालू लागला. मऊ, ओलसर कातडी त्याला कळत होती. आई पाप धुवायला गेली आणि तिनं माझं यंत्र सुरू करून दिलं. हे तुम्ही तिला समजावून सांगितलंत तेव्हा ती आधी गोंधळली, मग गावभर सांगत सुटली.

तरी एक अडचण होतीच. अंगठा उचलायला मला वेळ लागायचा, एक 'क' काढायला जावं तर ओळभर 'क'. तुम्ही त्या टॅबलेटच्या सेटिंगमध्ये डोकं घालून बसलात आणि क्षणभर टेकलेला स्पर्शच धरायचा, पुन्हा पुन्हा झालेला सोडून द्यायचा, असं काहीतरी शोधून काढलंत. अक्षरंही बोराएवढी मोठी केलीत. त्या दिवशी मी माझं नाव लिहिलं. कुणाच्याही हातानं नाही.

तुमचं एकच बोलणं मला लागलं होतं. रोज काम संपलं की मी टॅबलेटपुढे कपाळ टेकायचे, माफी मागितल्यासारखं. एकदा तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, "ही पोरं माउसला हात लावून माफी मागायलीत का? मग तू कशापायी मागायलीस?" मला लाज वाटली. पुन्हा करणार नाही म्हणाले.

त्याच वर्षीची खंडेनवमी. तुम्ही कॉम्प्युटर पुसून मांडले, झेंडूच्या माळा घातल्या, एकेका कीबोर्डला हळदी-कुंकू लावलंत. टॅबलेटलाही लावलंत. मग ताट घेऊन माझ्यापुढे गुडघ्यावर बसलात. तुमच्या गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याबाहेर लोंबत होतं, ते मला आज लिहितानाही दिसतंय. मी पाय मागे ओढला. तुम्ही म्हणालात, "हत्याराची पूजा हाय आज. ह्ये बी हत्यारच हाय की." आणि माझ्या अंगठ्याला कुंकू लावलंत. आई पदर तोंडाशी धरून रडत होती. त्यानंतर तिनं कधी मला पाय झाकायला लावलं नाही.

तर परवाची गोष्ट. औशाकडचे एक म्हातारे शेतकरी नातीची पत्रिका तपासायला आले. मालक त्यांना थेट माझ्या चौरंगापाशी घेऊन आले, कारण मोठा स्क्रीन तिथेच. माझा अंगठा नेमका गणपतीच्या चित्रावर होता. ते पाहून म्हातारे एक पाऊल मागे सरकले. मालक चुळबुळले. वर्षभरात दोन गिऱ्हाइकं याच कारणानं उठून गेलीत आणि आणखी एक गेलं तर मालक मला मागच्या खोलीत बसवणार, हे मला माहीत होतं. पूर्वीची मी असते तर पाय ओढून घेतला असता. मी घेतला नाही. म्हटलं, "काका, माझा हात ह्योच हाय."

त्यांनी चष्मा काढला. मग तो पुसला आणि खाली सतरंजीवर माझ्या शेजारी मांडी घालून बसले. म्हणाले, "गणपती लई बारीक दिसायलाय, माय. जरा मोठा कर."

मी मोठा केला.

सर, हे सगळं अंगठ्यानंच लिहिलंय, त्यामुळे दोन दुपारी गेल्या. पाठवायचं कुठे, म्हणून इथेच टॅबलेटमध्ये राहील. तुम्हाला दिलेला शब्द मात्र मी मोडला. म्हातारे गेल्यावर मी स्क्रीनपुढे कपाळ टेकलं, पहिल्यासारखंच. माफी मागायला नव्हे, सर. तुम्हाला वाकून नमस्कार करायचा माझा राहूनच गेला होता.