कपावरची बशी

आप्पा,

एक गंभीर तक्रार तुमच्या कानावर घालायची आहे. आपल्या विणकर संस्थेत हल्ली चहा कागदाच्या कपातून मिळतो. त्याला कप म्हणायचं ते केवळ सौजन्य म्हणून. धरावा तर बोटं भाजतात, टेबलावर ठेवावा तर पंख्याच्या वाऱ्यानं कलंडतो, दुसऱ्या घोटाला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते आणि तिसरा घोट त्यात नसतोच. तुम्ही मला संस्कृत शिकू दिलंत, त्याचा मोबदला म्हणून मी जन्मभर तुम्हाला जड जड विशेषणं ऐकवली. 'पोरगं शिव्या देतंय का आरती म्हंतंय, कळत न्हाय,' असं तुम्ही म्हणायचात. या कपाला शोभेल असं विशेषण मात्र मला अजून सापडलेलं नाही. शोध चालू आहे.

तुम्ही म्हणाल, चेअरमन तूच ना रं, मग बदल की कप. व्हय, मीच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, त्यात ती खुर्ची शहापुरातली दोन-तीन घरं फिरली, आणि एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या लोकांनी शेवटी एकमतानं माझं नाव सुचवलं. कारण मला माग चालवता येत नाही. ज्याला माग येत नाही तो कुणाच्या बाजूचा नसतो, आणि शाळेत संस्कृत शिकवणारा माणूस तर गोगलगायीइतका निरुपद्रवी, अशी आपल्या गल्लीची समजूत आहे. ती खोटी ठरवण्याइतकं काही माझ्या हातून झालेलं नाही. तर मी त्या खुर्चीत बसतो, तुमच्याच, डावा हात हलणाऱ्या, आणि कागदाच्या कपातला चहा पितो. तक्रार चवीची असती तर मी तुम्हाला तसदी दिली नसती. तक्रार बशीची आहे. कागदाच्या कपाला बशी नसते.

तुमच्या वेळच्या त्या पांढऱ्या, निळ्या काठाच्या कपबशा मला लख्ख आठवतात. तुमच्या मिटिंगमध्ये कुणी कुणाच्या विरोधात बोलू शकत नव्हतं, ही गोष्ट तुम्ही मला कॉलेजात असताना पहिल्यांदा समजावून सांगितलीत. एका बाकावर सासरा, समोर जावई. चुलत्यासमोर पुतण्या. ज्याच्याकडून सूत उसनं आणायचं तो शेजारी. शिवाय निम्मे कन्नड, निम्मे मराठी. कोण कशाला तोंड उघडेल? म्हणून कुणीतरी, कधीतरी, तुमच्याही आधी, ती रीत पाडली होती. चेअरमननं ठराव वाचायचा, मग चहा फिरवायचा. ज्याला पटलं त्यानं चहा प्यायचा. ज्याला पटलं नाही त्यानं एक अक्षर न बोलता बशी उचलून कपावर झाकण घालायची. एक जरी कप झाकलेला दिसला तरी त्या दिवशी ठराव पास झाला असं लिहायचं नाही. भांडण नाही, नाव घेणं नाही. बशीला कन्नडही येत नव्हतं आणि मराठीही, त्यामुळे तिचं म्हणणं सगळ्यांना सारखंच कळायचं. आणि दुसऱ्या दिवशी चेअरमननं, बोलावणं न धाडता, आपल्या पायानं त्या माणसाच्या घरी जायचं आणि का, ते विचारायचं.

असं एकदा मी तुमच्याबरोबर वडगावला आलो होतो. निपाणीच्या एका व्यापाऱ्याला संस्थेच्या सगळ्या साड्या द्यायच्या, असा तुमचाच लाडका ठराव होता आणि एका कन्नड विणकरानं कप झाकला होता. तुम्ही वाटेत सायकलवर मला मागे बसवून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतात. त्याच्या दारात पोचलात आणि आवाज असा मऊ झाला की मला वाटलं दुसराच कुणी माणूस बोलतोय. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला. तुम्ही शेजारी जमिनीवर बसलात. बराच वेळ दोघेही सुताकडे बघत राहिलात.

"कप का झाकलास रं?"

"चहा लई गोड हुता, अण्णा."

"मग उद्यापासनं तुला बिनसाखरेचा. आता सांग."

मग तो बोलला. एकाच व्यापाऱ्याच्या हातात सगळं गेलं तर उद्या तो सांगेल तोच काठ आणि तो सांगेल तोच रंग, अशी त्याची भीती. तुम्ही वाद घातला नाहीत. दोन दिवसांनी पुन्हा मिटिंग बोलावलीत, तोवर तो व्यापारी दुसरीकडे गेला होता. आणि आप्पा, तो विणकर चुकला होता. तो व्यापारी सरळ होता, बोरगावला दिलेल्या आपल्या आक्काच्या सासरचे लोक अजून त्याच्या मुलाशी व्यवहार करतात. मी तुम्हाला तेव्हा म्हटलं, एका माणसाच्या बशीपायी संस्थेचं नुकसान झालं. तुम्ही पान लावत म्हणालात, "झालं की. पण मंडळी घरला जाऊन मला शिव्या देत न्हाईत. ज्या द्यायच्या त्या हितंच देऊन जात्यात. तेवढ्यावर संस्था चालतीया."

आमच्या शास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. आधी विरोधकाचं म्हणणं पुरतं मांडायचं, त्याच्याहून चांगलं मांडायचं, आणि मग आपला सिद्धान्त. पूर्वपक्ष नसलेला सिद्धान्त म्हणजे नुसती आरोळी. हे मी पोथीतून शिकलो आणि तुम्ही बशीतून, असं मी एकदा तुम्हाला ऐकवलं तर म्हणालात, "मग एवढी फी कशाला भरली मी?"

ती फी कशी भरली गेली तेही मला दिसतं. आपलं स्वयंपाकघर, चुलीचा धूर, तुम्ही पाटावर. मी मागावर बसायचं, संस्कृत-बिंस्कृत काही नाही, हे तुम्ही सांगून टाकलेलं आहे आणि मी मान खाली घालून भाकरी चिवडतो आहे. आई तुमच्यापुढे चहा ठेवते आणि तुम्ही हात पुढे करायच्या आत बशी उचलून कपावर पालथी घालते. तुम्ही बघतच राहता. मग हसायला लागता. "आता हितं बी डायरेक्टर झालीस व्हय गं?" आई म्हणते, "चहा गार हुतोय." तुम्ही तो चहा प्यायला नाहीत. प्यायला असतात तर घरात कुणी तुम्हाला अडवणार नव्हतं. तो तसाच झाकलेला राहिला, तुम्ही कामावर गेलात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याजवळ येऊन विचारलंत, "संस्कृतात नेमकं काय असतंय?"

आता पुढचं सांगतो. इतका वेळ मी कपाभोवती फिरतोय, ते यासाठीच.

साथीच्या वर्षात कागदाचे कप आले. सगळीकडे आले, आपल्याकडेही आले. आपला व्यवस्थापक तरुण आहे, शिकलेला आहे, लबाड नाही. कपबशा त्यानं खोक्यात भरून कपाटात ठेवल्या, कुणाला काही वाटलं नाही, मला तर बरंच वाटलं. मिटिंगा भराभर संपायला लागल्या. ठराव वाचायचा, कुणीतरी कन्नडात 'आय्तु', झालं, म्हणायचं, कुणीतरी मराठीत 'चालतंय की' म्हणायचं, आणि दुपारच्या जेवणाला घरी. शाळेतही माझी इतकी शिस्त कधी नव्हती.

गेल्या वर्षी त्यानं ठराव आणला. गल्लीतली जागा अपुरी पडते, तर माग वडगावच्या पलीकडे, नाल्याकाठच्या नव्या शेडमध्ये हलवायचे. शेड मोठी, उजेड चांगला, गाडी दारापर्यंत येते. तो नाला पावसात काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. तिथली भातं दर दोन-तीन वर्षांनी पाण्याखाली जातात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं. व्यवस्थापक म्हणाला, नाला आता बांधून काढलाय, सर. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. कागदाचे कप हातात होते, रिकामे होत होते. मग कुणीतरी 'आय्तु' म्हणालं.

जुलैत तीन दिवस धरून पाऊस लागला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी शेडमध्ये शिरलं. आपला जॉबर, माग दुरुस्त करणारा, तुमच्या माघारी लागलेला, तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. फार गमत्या माणूस. त्यानं मला एकदा विचारलं होतं, "मास्तर, जॉबरला संस्कृतात काय म्हंत्यात?" मी म्हटलं, यंत्रवैद्य. त्या दिवसापासून तो नव्या माणसाला आपली ओळख यंत्रवैद्य म्हणूनच करून द्यायचा, आणि मला भेटला की विचारायचा, "काय वैद्यबुवांचे गुरुजी, तब्येत बरी हाय न्हवं?" माग आता विजेवरचे, त्यांच्या मोटारी जळू नयेत म्हणून तो मेन स्विच पाडायला पाण्यातून आत गेला. स्विच ज्या भिंतीवर होता ती भिंत ओली होती. बाकीचे दारात उभे होते, त्यांनी ते पाहिलं. आत जाऊन त्याला बाहेर काढता येईना, कारण करंट चालूच होता. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

त्याचा थोरला भाऊ आमच्यातलाच एक संचालक, दोघांचं घर एकच; तिथं आम्ही बाकीचे सगळे गेलो. बाहेर पडताना, चपला घालता घालता, एकजण हळूच म्हणाला, "मला तवाच वाटलंतं." दुसरा म्हणाला, "मला बी. पर तुम्ही सगळे गप, मग मी कशाला." तिसऱ्यानं नुसती मान हलवली. आणि सगळ्यात शेवटी व्यवस्थापक, ज्याचा तो ठराव, डोळे लाल झालेले, मला म्हणाला, "सर, मला स्वतःलाच शंका होती. पण कुणीच काही बोललं नाही, म्हणून मला वाटलं माझं बरोबर असेल."

आप्पा, त्या खोलीत त्या दिवशी एकालाही ते पटलेलं नव्हतं. एकालाही. आणि ठरावापुढे लिहिलं आहे, एकमतानं मंजूर. ते खोटंही नाही, बघा. एकमत होतंच, फक्त उलट्या बाजूचं. मी आयुष्यभर मुलांना तर्क शिकवला, पण अशी सिद्धी मला कुठल्या ग्रंथात भेटली नव्हती.

त्याच्या बायकोनं तेव्हा काही विचारलं नाही. महिन्याभरानं एका कागदावर तिची सही हवी होती, म्हणून मी एकटा गेलो. तिनं सही केली, चहा ठेवला, आणि दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "एवढी मोठी माणसं बसलासा, त्यात एक बी न्हाय म्हटला न्हाय व्हय, अण्णा?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी चहा प्यायलो. स्टीलच्या पेल्यात होता.

आता उद्या मिटिंग आहे. शेड आणि माग बाहेरच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला कायमचे द्यायचे, आपल्या माणसांनी त्याच्याकडे मजुरीनं विणायचं, आणि संस्था उरली तर दारावरच्या पाटीपुरती, असा ठराव आहे. व्यवस्थापकानं तो व्यवस्थित लिहिला आहे. त्यातलं एकेक वाक्य मला पटतं. पाणी शिरल्यापासून निम्मे माग बंद आहेत, तरुण पोरं उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जातात, ओढून ताणून किती दिवस चालवायचं. पण तुमच्या त्या कन्नड विणकराची भीती मला आठवते. एकाच व्यापाऱ्याच्या हातात सगळं. तेव्हा तो चुकला होता. या खेपेला तो बरोबर असेल का, ते मला सांगता येत नाही, आणि ज्यांना सांगता येईल ती माणसं चपला घालेपर्यंत बोलत नाहीत.

म्हणून आज दुपारी मी कपाट उघडून ते खोकं घरी आणलं. काही कप फुटले आहेत, बशा थोड्या कमी भरल्या, त्या घरच्या घालून जुळवल्या. नळाखाली बसून सगळ्या घासताना तुमची सून दारात येऊन उभी राहिली. "उद्या संस्थेत सोयरीक ठरतीया का काय? इतकी भांडी?" मी म्हटलं, मोडतही असेल. ती पदर खोचून माझ्याशेजारी बसली आणि बशा पुसायला लागली. माझ्याइतकं तिनं कधी संस्कृत ऐकलेलं नाही, तरी या घरात जास्त समजूतदार कोण, हा प्रश्न तुमच्यापासून चालत आलेला आहे.

आता कपबशा पुसून टोपलीत आहेत आणि मी तुम्हाला हे लिहितो आहे, जे तुम्हाला मिळणार नाही. मिळालं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, चांगलं केलंस, बशी परत आणलीस. म्हणून ते मिळणार नाही हेच बरं. कारण बशी परत आणली तरी तिच्यामागून चालत जायचं काम चेअरमनचं असतं. उद्या कुणी कप झाकला तर परवा मला त्याच्या घरी जावं लागेल, जमिनीवर बसावं लागेल, तो बोलेपर्यंत सुताकडे बघत राहावं लागेल, आणि मग आज मला पटलेलं सगळं सोडून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. झाकणारा बहुधा त्या जॉबरचा थोरला भाऊ असेल, म्हणजे त्याच दारात जावं लागेल. मी दमलो आहे, आप्पा.

बशा मी घासल्या खऱ्या. पण उद्या एकानंही बशी उचलू नये, सगळ्यांनी मुकाट्यानं चहा पिऊन टाकावा, असं मला मनातून वाटतंय, आणि मला काळजी आहे ती याची.