दोन्ही गट आपलेच

२ जून
आमच्या प्रिसिंक्टच्या, म्हणजे आमच्या मतदान विभागाच्या, रिपब्लिकन चेअरची जागा रिकामी झाली. आधीचे गृहस्थ फ्लोरिडाला गेले. आता पक्षाची काउंटी कमिटी मतदान करून नवा माणूस नेमणार. मी नाव दिलं. टेक्ससमधल्या या प्लेनोत वीस वर्षं राहतो, नागरिक आहे, टॅक्स वेळेवर भरतो. माझ्याशिवाय कोणीच पुढे आलेलं नाही. माझी पात्रता पाहून मागे हटले असावेत.
प्रतिमा म्हणाली, विष्णू, तिथे भांडणं इतकी आहेत की कोणाला ती जागा नको आहे.
बायकोला राजकारण कळत नाही.

५ जून
कमिटीचा अभ्यास केला. दोन गट. एक ग्लेनचा. याची छपरं दुरुस्त करायची कंपनी. याला टॅक्स कमी हवा आणि कामगार स्वस्त. दुसरा डार्लीनचा. तिला बाहेरून आलेलं कोणी नको. ग्लेनचे लोक तिच्या गटाला सर्कस म्हणतात. ती त्यांना नावापुरते रिपब्लिकन म्हणते. कम्युनिस्ट दोघेही एकमेकांना म्हणतात.
कामाचे व्हिसा बंद करा, असा डार्लीनचा ठराव आहे. मतं समसमान, म्हणून अडकलाय. नव्या चेअरचं मत निर्णायक.
मला यात काही अवघड दिसत नाही. मी महाराष्ट्र मंडळात उमेदवारी केली आहे. तिथे गणपतीच्या मूर्तीच्या उंचीवरून दोन पॅनेल झाली होती. मी दोघांना म्हणालो, मी तुमचाच. दोन्हीकडे जेवलो. पुढे कोणी विचारलं नाही. विचारायचं नसतंच.

९ जून
ग्लेनचा फोन. तासाभरात डार्लीनचा. दोघेही मला विश म्हणतात. आपुलकी आहे.
मुलगी अनिका ॲरिझोनात, चँडलरला असते, तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, डॅड, दे डोन्ट लाइक यू, दे आर काउंटिंग यू. हिला कॉलेजात हेच शिकवतात.

१४ जून
ग्लेनकडे बार्बेक्यू. नेमकी संकष्टी. ब्रिस्केट, म्हणजे बीफ, प्लेटमध्ये घेतलं, हातात धरून फिरलो. ग्लेनने विचारलं, व्हिसा वाढायला हवेत ना. म्हणालो, ऑफ कोर्स. त्याने पाठीवर थाप मारली. ब्रिस्केट शर्टावर.
निश्चय: यापुढे गडद रंगाचे शर्ट.

१७ जून
डार्लीनच्या गटाचा प्रेयर ब्रेकफास्ट. प्रार्थना संपल्यावर मी डोळे सगळ्यात शेवटी उघडले. लक्षात आलं असेल.
तिने विचारलं, व्हिसा? म्हणालो, बंद. म्हणाली, सगळे? म्हणालो, सगळे. तिने सर्वांसमोर माझा हात धरला आणि म्हणाली, तुमच्यातले काही जण खरंच चांगले असतात. एका म्हाताऱ्याने विचारलं, तू परत कधी जाणार? म्हणालो, पॅनकेक संपले की. सगळे हसले. माझा ह्यूमर यांना कळतो.

२० जून
डार्लीनच्या गटाने माझा फोटो फेसबुकवर टाकला. खाली लिहिलंय, विशसुद्धा म्हणतो, एकही व्हिसा नको. फोटोत पोट दिसतं. दुसरा टाकायला सांगायला हवं.
यामिनीने पाहिला. यामिनी म्हणजे प्रतिमाच्या बहिणीची मुलगी, आमच्याकडेच वरच्या खोलीत राहते. एच-वन-बीवर, म्हणजे कामाच्याच व्हिसावर, नोकरी करते, एक्स्टेन्शन अडकलंय. खाली येऊन म्हणाली, काका, एकही नको म्हणजे माझाही नको ना? समजावलं की हे बोलायचं असतं, तुझी गोष्ट वेगळी. म्हणाली, वेगळी कशी? म्हणालो, तू घरची. म्हणाली, हे फॉर्ममध्ये कुठे लिहायचं, काका?
उर्मट झाली आहे. आमच्या वेळी आम्ही रांगेत उभे राहिलो, तक्रार केली नाही. पुष्कळ केली, असं प्रतिमा म्हणते.

२२ जून
प्रतिमा दोन दिवस माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलते. डिनर इज रेडी. प्लीज टेक आउट द ट्रॅश. पक्षाच्या कार्यक्रमांसाठी सराव करत असावी.
ग्लेननेही फोटो पाहिला. फोन करून विचारलं, हे काय? म्हणालो, ते तसं बोलावं लागतं, मी तुमचाच. त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

२४ जून
मीटिंग. चर्चचा हॉल. प्रतिमाला आग्रह करून नेलं, फोटो काढायला. पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसवलं.
मतदानाआधी ग्लेनने सर्वांसमोर विचारलं, विश, व्हिसा वाढवायचे की बंद करायचे? म्हणालो, दोन्ही बाजूंचा आदर ठेवून विचार व्हायला हवा. डार्लीन म्हणाली, एका शब्दात. म्हणालो, बघू.
मंडळात यावर चहा येतो.
इथे काउंटी कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, विशच्या बाजूने असतील त्यांनी डाव्या भिंतीशी उभं राहावं, विरोधात असतील त्यांनी उजव्या. इथे मत असंच मोजतात. डार्लीन उठली, उजवीकडे गेली. ग्लेनकडे पाहिलं. तो उठला, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग सगळेच. जागा पुरेना. कोणीतरी कोणालातरी सॉरी म्हणालं. वर्षभरात एकमेकांशी न बोललेली माणसं खांद्याला खांदा लावून उभी.
मी डावीकडे गेलो. अध्यक्ष म्हणाले, उमेदवाराला मत नाही. तरी उभा राहिलो. भिंत मोठी होती.
तेवढ्यात प्रतिमा उठली. पर्स घेतली, पूर्ण हॉल ओलांडला आणि उजव्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, मॅम, तुम्हाला मत नाही. ती म्हणाली, आय नो. डार्लीन तिच्यासाठी सरकली.
गाडीत काही विचारलं नाही. एसी उजव्या भिंतीला होता. तिला उकाडा सोसत नाही.