आयुमाच्या वाटीतला पाला

प्रिय इमाली,

नैरोबीला परत जाताना तू आयुमाला माझ्या स्वाधीन केलंस आणि म्हणालीस, "ताई, पोरीला गावाकडचं गवत नको हं घालू. तिला पावाची सवय आहे." मी ऐकलं. शहरातल्या पोरीला पाला वाढायची मलाच लाज वाटत होती.

दर मंगळवारी दवाखान्याच्या ओसरीवर मी बायांना सांगते, "चवळीचा पाला, त्सिसागाची कडू पानं पोरांना द्या, अंगात रक्त भरतं." आणि घरी आयुमाला सहा महिने चहा-पाव. मागच्या महिन्यात ती शाळेत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नर्सबाईंनी तिची पापणी ओढून पाहिली, तर आत पांढरंफटक.

"कागेहा, तुझ्या घरची पोर?" एवढंच त्या म्हणाल्या. बाया ऐकत होत्या.

फोनवर मी तुला "बरी आहे" म्हटलं. हे पत्रही टाकणार नाही. तू काम सोडून धावत येशील, असं मनाला सांगते. खरं म्हणजे तुझ्यासमोर उभं राहायचं बळ नाही.

आता रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत आणि रोज पालाही. पहिल्या दिवशी तिनं कडू म्हणून थुंकला. मग मी आपल्या आईसारखा तो दुधात शिजवून मुरत ठेवला. काल तिनं मक्याच्या उगालीच्या घासानं वाटी पुसून घेतली.

"मावशी, हे आधी का नाही दिलंस?"

तुझं नाव सांगता आलं असतं. मी म्हटलं, "मला लाज वाटायची."

"पाल्याची?" म्हणत ती हसली, आणि आणखी वाढून घ्यायला उठली. मी भिंतीला टेकून बसून राहिले.

थकलेली,
तुझी कागेहाताई